पावडर, कडक आणि ओला बर्फ: सोलापुरात घरच्या घरी स्की बनवायची असेल तर

तू विचारलंयस की औलीचा स्कीइंगचा बेसिक कोर्स झालाय, फेब्रुवारीत गुलमर्गला जायचंय, अक्कलकोट रोडला काकांचं फॅब्रिकेशनचं शेड आहे, तर पावडर, कडक बर्फ आणि मार्चमधला ओला बर्फ या तिन्हींवर चालेल अशी एक जोडी सोलापुरातच बनवता येईल का. बनवता येते. मी इथंच एफआरपीचं, म्हणजे फायबर आणि रेझिनचं काम करतो, माझ्या स्की इथल्याच शेडमध्ये बनतात आणि त्याच घेऊन मी वर जातो. पण तिन्हींसाठी एक जोडी हा विचार आधी डोक्यातनं काढ. दुकानातली स्की सगळ्यांना थोडी थोडी जमावी म्हणून केलेली असते. घरी बनवायचा खरा फायदा हाच की तुझं वजन, तुझी जागा आणि तिथला बर्फ धरून ती करता येते, आणि तो फायदा सोडून परत सगळ्यांसाठीची स्कीच करायची असेल तर एवढी धूळ आणि रेझिन कशाला अंगावर घ्यायचं.

दुसरी गोष्ट लगेच सांगतो, कारण तू पाठवलेल्या ड्रॉइंगमध्ये सगळी मेहनत बाहेरच्या आकारावर आहे आणि कोअरच्या, म्हणजे आतल्या लाकडाच्या जाडीसाठी फक्त '१२ मिमी' एवढंच लिहिलंय. स्की चांगली झाली की लाकडाचा ओंडका झाली हे त्या जाडीवर ठरतं, आकार थोडा इकडंतिकडं झाला तरी चालून जातं. त्यावर खाली सविस्तर लिहितो, आधी बर्फ बघू.

ताजी कोरडी पावडर घनमीटरला साधारण ५० ते १०० किलो भरते, वाऱ्यानं दाबून बसलेला थर ३००-४०० पर्यंत जातो आणि पक्का गोठलेला बर्फ ९१७. म्हणजे 'बर्फावर चालणारी स्की' म्हणताना आपण दहापट फरकाच्या वस्तूंबद्दल बोलत असतो. आता तुझं वजन ७० धरू, बूट-जॅकेट-बॅग मिळून ८०. दोन्ही पायांखाली मिळून ०.३ चौरस मीटर स्की असेल तर चौरस मीटरला २६५ किलोच्या आसपास भार येतो, तीच ०.४ केली तर २०० वर येतो. पावडरमध्ये हा फरक पायाला लगेच कळतो, बुडत बुडत जाणं आणि वर तरंगत जाणं एवढा तो असतो. मग सगळ्यांनीच रुंद स्की का करू नये, तर कडक बर्फावर स्की तरंगत नाही, ती कडेवर उभी राहते आणि स्टीलची कड बर्फात शिरून धरते. अल्पाइन, म्हणजे उतारावरच्या स्कीच्या बुटाचा सोल पुढं ६९ मिमी रुंद असतो. स्कीची मधली रुंदी ७०-७८ असली की कड जवळजवळ सोलच्या खालीच येते, ११० केली की कड पायाच्या मध्यापासून ५५ मिमी लांब जाते आणि प्रत्येक वळणाला स्की परत सपाट व्हायला बघते, तो सगळा पीळ घोट्यावर आणि गुडघ्यावर येतो. औलीच्या सकाळच्या गोठलेल्या उतारावर रुंद स्की घालून दिवसभर फिरलेल्या माणसाला विचार, गुडघे बोलतात.

गुलमर्गला जानेवारी-फेब्रुवारीत वेस्टर्न डिस्टर्बन्स (पश्चिमेकडनं येणारी हिवाळी वादळी हवा) येऊन गेला की अफरवटच्या डोंगरावर, गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या दुसऱ्या टप्प्याच्या वर म्हणजे ३,९०० मीटरच्या पुढं, भरपूर पावडर असते. तू त्याच महिन्यात निघालायस. तेव्हा पहिली जोडी पावडरची कर. कडक बर्फासाठीची अरुंद स्की तिथं भाड्यानं मिळते, भाड्याचा मालही बहुतेक तसलाच असतो.

आकार असा धर: लांबी १७५ सेमी, पुढं १३८, मध्ये ११०, मागं १२६ मिमी. पुढचं टोक ३०-३५ सेमी आधीपासनं हळूहळू वर उचलायचं (रॉकर म्हणतात तो हाच), मागं १५ सेमीभर थोडंसं, आणि मधे २-३ मिमीचा केंबर, म्हणजे स्की जमिनीवर ठेवली की मधला भाग किंचित उचललेला. वळणाची त्रिज्या काढायला सोपं गणित आहे. पुढच्या-मागच्या रुंदीची सरासरी काढ, त्यातनं मधली वजा कर, उरेल त्याचं निम्मं घे. इथं सरासरी १३२, फरक २२, निम्मे ११ मिमी. आता बर्फाला टेकणारी लांबी, रॉकरमुळं ती १.२५ मीटरच राहते, तिचा वर्ग करून त्या ११ मिमीच्या आठपटीनं भाग. १.५६ भागिले ०.०८८, साधारण पावणेअठरा मीटर. पावडरला ठीक. कडक बर्फाची स्की कधी केलीस तर १२४-७८-१०८, टेकणारी लांबी दीड मीटर, केंबर ६-८ मिमी, त्रिज्या पंधराच्या आत येते, पटकन वळते.

हे आकार काही कायमचे ठरलेले नाहीत. खोल कंबरेच्या, म्हणजे मध्ये बऱ्याच अरुंद स्की मोठ्या प्रमाणात आल्या त्या १९९३ मध्ये एलान कंपनीच्या एससीएक्स या स्कीनंतर, त्याआधीच्या स्की बऱ्याच सरळसोट असायच्या. आणि पावडरसाठी उलटा विचार केला तो स्कीपटू शेन मॅकॉन्की यांनी, त्यांच्या कल्पनेवरनं व्होलांट कंपनीनं २००२ च्या सुमारास स्पॅट्युला नावाची स्की काढली, तिच्यात मधला भाग सगळ्यात रुंद आणि दोन्ही टोकं वर, म्हणजे कंबरही उलटी आणि केंबरही उलटा. खोल पावडरमध्ये ती अफाट चालायची कारण तिथं कड लागतच नाही, स्की पाण्यावर घसरल्यासारखी घसरते. पण लिफ्टपर्यंत परत यायचा रस्ता कडक असला की तीच स्की हाल करायची. आजच्या पावडरच्या स्कीमध्ये जी थोडी कंबर आणि मधला छोटा केंबर ठेवतात ते या परतीच्या रस्त्यासाठीच, आणि गुलमर्गला गोंडोलाकडं येताना दाबलेला, घासलेला बर्फ हमखास लागतो. म्हणून तुझ्या ड्रॉइंगमधला शून्य केंबर मला पटत नाही.

आता कोअर. लाकूड पॉप्लर घे. यमुनानगरकडनं प्लायवूडसाठी पॉप्लरचा सगळा धंदा चालतो, तिकडचं लाकूड इमारती लाकडाच्या वखारीतनं सांगून मागवता येतं, घनमीटरला ४००-४५० किलो, सरळ रेषा, गाठी कमी, जगभर स्कीमध्ये हे बऱ्याचदा वापरतात. सागवान इथं सहज मिळतं म्हणून मोह होईल पण ते तेलकट असतं, एपॉक्सी नीट धरत नाही आणि जडही आहे. बाभळीचं लाकूड चिवट खरं, पण त्याची आख्खी स्की केली तर उचलवणार नाही. मी पॉप्लरच्या १२-१५ मिमीच्या पट्ट्या उभ्या चिकटवतो आणि बाइंडिंगच्या (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीच्या) खाली येतील अशा दोन पट्ट्या ॲश या कठीण लाकडाच्या टाकतो, कारण पॉप्लरमध्ये स्क्रू एकटा धरवत नाही. पट्ट्या एकाआड एक उलटसुलट फिरवून लाव म्हणजे लाकूड एका बाजूला पिळणार नाही. आणि पावसाळ्यात आणलेलं लाकूड लगेच वापरू नको, शेडमध्ये पंख्याखाली दिवाळीपर्यंत पडू दे.

मग रंधा. टोकाला २ मिमी, मध्ये साडेदहा मिमी, मागं परत २. मधली सपाट जागा बुटाच्या लांबीपेक्षा थोडी जास्त, तिथनं दोन्हीकडं एकसारखा उतार. लाकडाचा कडकपणा जाडीच्या घनात वाढतो, वरच्या-खालच्या फायबरच्या थरांचा साधारण वर्गात. १० मिमीचे ११ केले की एक हिशोब २१ टक्के सांगतो, दुसरा ३३, खरी स्की या दोन्हींच्या मधे कुठंतरी पडते. एका मिलिमीटरला एवढा फरक! तू लिहिलेले १२ मिमी ७० किलोच्या माणसाला पावडरमध्ये फार होतील, टोक वर यायच्या ऐवजी नांगरासारखं खाली घुसेल. उलट अरुंद स्कीला १२ चालतील कारण रुंदी कमी झाली की कडकपणा त्या प्रमाणात कमी होतो, तो जाडीनं भरून काढावा लागतो. म्हणून जाडी मोजायचा व्हर्नियर हातात ठेव आणि दर दहा सेंटीमीटरला पेन्सिलनं आकडा लाकडावरच लिही, दोन्ही कोअर शेजारी ठेवून आकडे जुळेपर्यंत पॉलिशपेपर मार. हातानं रंधा मारण्यापेक्षा दोन उतरत्या लाकडी पट्ट्यांवर राउटरची गाडी बसवून फिरवली तर काम जास्त सारखं येतं.

कडकपणा मोजायची पद्धतही साधी आहे. स्की दोन टेकूंवर ठेवायची, टेकूंमधलं अंतर ठरलेलं, मधे २० किलोचं वजन लटकवायचं आणि किती मिमी वाकली ते मोजायचं. गुलमर्गला भाड्याच्या दुकानात आवडलेल्या स्कीवर हीच मोजणी कर, दुकानदार नाही म्हणत नाहीत, उलट गंमत वाटून हात लावतात. तो आकडा पुढच्या जोडीसाठी कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त कामाचा.

फायबरचं तुला सोलापूरकर म्हणून पटकन समजेल. आपल्या चादरीत ताण्याचा धागा बाण्याच्या वरखाली जातो, म्हणून चादर ओढली की आधी धागा सरळ होतो आणि मग ताण घेतो. विणलेल्या ग्लास क्लॉथचं तसंच आहे. स्कीला लागतं ते ट्रायॲक्स, त्यात धागे विणलेले नसतात, एकावर एक सरळ ठेवून बारीक दोऱ्यानं शिवलेले असतात, एक थर लांबीला आणि दोन थर तिरके अधिक-उणे ४५ अंशात. लांबीचे धागे वाकण्याला उत्तर देतात, तिरके धागे पिळण्याला. पावडरच्या स्कीला पीळ थोडा सुटा चालतो, कडक बर्फाच्या स्कीला अजिबात नाही, टोक पिळलं की कड सुटली. चौरस मीटरला ७५० ग्रॅमच्या आसपासचं ट्रायॲक्स, कोअरच्या खाली एक थर, वर एक. टाक्या आणि दारं बनवतात ती चॉप्ड मॅट (तुटक धाग्यांची चटई) वापरू नको, आणि तसलंच पॉलिएस्टर रेझिनही नको. ते सुकताना जास्त आकसतं, ठिसूळ असतं, लाकडाला धरत नाही. एपॉक्सीच पाहिजे. कॉलेजच्या प्रोजेक्टला जी एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनरची जोडी असते ती सराव म्हणून छोटे तुकडे करायला ठीक, स्कीसाठी थोडं लवचीक, लॅमिनेटिंगचं एपॉक्सी घे.

आणि आता सोलापूरचं ऊन. एपॉक्सीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की हातातला वेळ जवळजवळ निम्मा होतो. २५ अंशाला ४० मिनिटं मिळत असतील तर ३५ ला वीसच, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४३-४४ असताना डबा हातातच धूर सोडायला लागेल. एका स्कीला अर्धा किलोच्या आसपास रेझिन लागतं, ते एकदम कालवू नको, दोन-तीन वेळा थोडं थोडं, आणि कालवलं की पसरट ट्रेमध्ये ओत, खोल डब्यात ते स्वतःच्याच उष्णतेनं पेटतं. तुझ्यासाठी योग्य वेळ डिसेंबर, जानेवारीतली गड्ड्याची यात्रा सुरू व्हायच्या आत दोन्ही स्की साच्यातनं बाहेर आल्या पाहिजेत. उन्हाळ्यात न करण्याचं दुसरंही कारण आहे. खालचा बेस म्हणजे यूएचएमडब्ल्यू पॉलिथिलीन, एक चिवट, निसरडं प्लास्टिक, थंडीत ते स्टील आणि फायबरपेक्षा कितीतरी जास्त आकसतं. ४० अंशात चिकटवलेली स्की उणे दहाला नेली तर ५० अंशांचा फरक, ११० मिमी रुंदीचा बेस मोकळा असता तर पाऊण मिमीहून जास्त आकसला असता. तो मोकळा नसतो म्हणून ताण धरून बसतो, मधे खोलगट होतो आणि कडा उंच राहतात, मग स्की रुळावर चालल्यासारखी सरळच जाते, वळायला मागत नाही. २५-२८ अंशात केलेलं काम या बाबतीत बरंच सुसह्य.

बेस आणि स्टीलच्या कडा बाहेरून मागवाव्या लागतील, त्यात कंजुषी नको. कडा पहिल्यांदा बसवल्या साल्झबर्गच्या रुडॉल्फ लेटनर यांनी, १९२६ चं पेटंट आहे, त्याआधी लाकडाची कड कडक बर्फावर गोल होऊन जायची. बेसच्या आकाराचा १२ मिमी एमडीएफचा साचा दारांवर नक्षी काढणाऱ्या सीएनसीवाल्याकडनं कापून घे, त्यावरनं बेअरिंगवाल्या राउटर बिटनं बेस काप. कडा हातानं वाकवून बेसच्या काठाला सुपरग्लूनं थेंब थेंब लाव, ग्लू पसरला तर तेवढ्या जागी एपॉक्सी धरणार नाही. पॉलिथिलीनला तसंही काही चिकटत नाही, म्हणून आतली बाजू आधी प्रक्रिया केलेलीच घे, आणि तरी निळी ज्योत एकदा भरभर फिरवून पाणी टाकून बघ. पाणी पसरून राहिलं तर ठीक, थेंब थेंब झालं तर परत. कडांच्या वर पातळ रबराची पट्टी येते, स्टील आणि फायबर वेगवेगळं हलतात ते ती सांभाळते. ट्यूबचं रबर तिथं लावू नको, ते सुटतं.

बाजूच्या भिंतीला एबीएस प्लास्टिकच्या किंवा बांबूच्या पट्ट्या. वरचा थर म्हणून मी पातळ सुती कापड घालतो, रेझिनमध्ये भिजलं की रंग खुलतो. चादरीचा तुकडा घालायची इच्छा होईल, पण चादर जाड, रेझिन नुसती पीत बसते आणि वजन वाढवते.

प्रेससाठी काकांचं शेड म्हणजे निम्मं काम झालं. लोखंडी फ्रेममध्ये हवेनं फुगवलेला होज सगळे थर साच्यावर दाबून धरतो. ६३ मिमीचा फायर होज, आडवा केला की दहा सेंटीमीटर रुंद, असे दोन शेजारी, लांबी १.९ मीटर. ४० पीएसआय म्हणजे चौरस सेंटीमीटरला २.८ किलो, गुणिले ३,८०० चौरस सेंटीमीटर, साडेदहा टन! हा आकडा काकांना आधी सांग, म्हणजे ते हलक्या अँगलची फ्रेम करणार नाहीत, जाड आयबीमच लावतील. होजची टोकं दोन जाड पट्ट्यांमध्ये बोल्टनं आवळायची आणि पहिली चाचणी पाण्यानं, दीडपट दाबाला. हवेनं फुटला तर माणूस जखमी होतो, पाण्यानं फुटला तर फरशी भिजते. हे जमत नसेल तर व्हॅक्यूम बॅग. तिच्यात चौरस सेंटीमीटरला एक किलोच्या आतच दाब मिळतो, पण पहिल्या जोडीला तेवढ्यावरही चांगली स्की निघते. स्की साच्यात किमान २४ तास राहू दे, घाई केली तर केंबर टिकत नाही.

बाहेर आल्यावर जास्तीचं कापून, बेस आणि कडा एका पातळीत घास, स्टीलची पट्टी आडवी धरून उजेड कुठनं येतो बघ. पावडरच्या जोडीला कडेचा कोन खालून एक अंश, बाजूनं एक, टोकाकडच्या कडा थोड्या बोथट. कडक बर्फाला बाजूनं दोन ते तीन. ओल्या बर्फाला आकार वेगळा लागत नाही, तिथं बेस बदलतो: पाण्याचा पापुद्रा बेसला चिकटवून धरतो म्हणून ब्रासच्या ब्रशनं किंवा जाड पॉलिशपेपरनं लांबीच्या दिशेनं खोल रेघा पाडायच्या आणि मऊ, उन्हाळी वॅक्स. कोरड्या थंड पावडरचे कण टोकदार असतात, तिथं गुळगुळीत बेस आणि कडक वॅक्स. म्हणजे मार्चपर्यंत थांबलास तर जोडी तीच, नुसता ब्रश आणि वॅक्स बदल. जुनी इस्त्री चालते पण एका जागी धरून ठेवू नको, बेस १३५ अंशाच्या आसपास वितळतो.

बाइंडिंग बसवताना ड्रिल ३.६ मिमी, खोली ९ मिमी, बिटवर टेप लावून खूण कर, बेसपर्यंत गेलं तर पाणी शिरेल. भोकात थोडं एपॉक्सी. बुटाचा मध्य स्कीच्या मध्यापासून ६-८ सेमी मागं. बाइंडिंग किती जोरावर सुटतं ती सेटिंग मात्र तिथल्या जाणकार दुकानातनं करून घे, गुडघ्याचा प्रश्न आहे, इथं अंदाज चालत नाही.

पहिला दिवस गुलमर्गच्या खालच्या सोप्या उतारांवर घालव. संध्याकाळी स्की आत आणून सुकव आणि नाण्यानं टोकापासून शेपटापर्यंत टकटक कर, जिथं आवाज बद्द येईल तिथं थर सुटायला लागलेत. त्या फटीत एपॉक्सी भरून रात्रभर क्लॅम्प लावला की सकाळी परत वापरता येते, त्यामुळं छोटी एपॉक्सीची जोडी आणि दोन-चार क्लॅम्प बॅगेत असू देत. दुसऱ्या टप्प्याच्या वर जाताना स्की पेट्रोलनं (उतारांची सुरक्षा बघणाऱ्या पथकानं) त्या दिवशी काय उघडं ठेवलंय ते विचारून, बीकन (हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी), फावडं आणि तिथला माहीतगार माणूस सोबत घेऊनच. कोअर रंधून झाला की दर दहा सेंटीमीटरचे आकडे पाठव, रेझिन लावायच्या आधी मी बघून सांगतो.